पोस्टपेड नंबर पोर्ट केला, तरी जुन्या कंपनीचं बिल येऊनच राहिलं. किती भरणं लागते?

पांदणरस्ता (घाटंजी तालुका, यवतमाळ)

मंडळी, वडिलांच्या नावावर पोस्टपेडचा फॅमिली प्लॅन होता, महिन्याला ₹६९९ अधिक जीएसटी. मुख्य नंबर वडिलांचा, जोडलेला दुसरा नंबर आईचा. बिल ११ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १० पर्यंतचं निघते. १० जूनपर्यंतचं सगळं भरलं, मग वडिलांचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. २० जूनला पोर्टिंग पूर्ण झालं. आईचं सिम तेव्हापासून फोनमध्येच नाही. दुकानदाराला दोन्ही बंद करायचे आहेत असं तोंडी सांगितलं होतं. तो म्हणाला, मुख्य नंबर गेला की दुसरा आपोआप बंद होते.

आता ११ सप्टेंबरचं बिल हाती आलं, त्याची फोड अशी:

११ ते २० जून, मुख्य प्लॅन: ₹२७४.९४
२१ जून ते १० जुलै, आईच्या नंबरवर ₹३९९ चा प्लॅन: ₹३१३.८८
११ जुलै ते १० ऑगस्ट, तोच प्लॅन: ₹४७०.८२
११ ऑगस्ट ते १० सप्टेंबर, तोच प्लॅन: ₹४७०.८२
उशिराचा आकार, दोन वेळा: ₹२३६
एकूण ₹१,७६६.४६

₹५०० सुरक्षा ठेव कंपनीकडेच आहे, बिलात तिचा उल्लेख नाही. जुलै-ऑगस्टची बिलं घरी आली नाहीत, कारण फॉर्मवर ईमेल दुकानदारानं स्वतःचाच टाकलेला दिसते. वसुलीवाल्याचे फोन येऊन राहिले. वडिलांच्या फोनवरून १९८ लावला की नवीनच कंपनी उचलते, आणि जुन्या कंपनीचं ॲप म्हणते हा नंबर आमचा नाही. सोयाबीन काढणी सुरू आहे, यवतमाळच्या स्टोअरला चकरा मारणं सध्या होत नाही. घरबसल्या काय करता येते?

वऱ्हाडी_मीटर

भाऊ, तुमच्या बिलात एक रक्कम खरी आहे, बाकीच्यांवर भांडता येते. आधी खरी कोणती ते बघा.

₹६९९ चे दहा दिवस, म्हणजे तीसपैकी दहा, ₹२३३ होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹४१.९४. बेरीज ₹२७४.९४. हे बरोबर आहे आणि देणं लागते. पोर्ट करताना फक्त निघालेलं बिल भरलेलं आहे का एवढंच तपासतात. शेवटच्या बिलानंतर पोर्ट होईपर्यंतचे दिवस मागाहून अंतिम बिलात येतात. पुष्कळ लोक याच बिलावर चिडतात आणि तक्रार त्यावरच करतात. कंपनी एका ओळीत बरोबर असल्याचं दाखवते, आणि खरी चूक तशीच राहून जाते.

एक गोष्ट जुन्या बिलावर पाहून घ्या: भाडं आगाऊ लावत होते की मागाहून. आगाऊ लावत असतील तर जूनचे ते दहा दिवस १० जूनपर्यंतच्या बिलात आधीच भरले गेले असतील, आणि मग उलट उरलेल्या वीस दिवसांचे पैसे तुम्हाला परत यायला हवेत. बिलात भाड्याच्या ओळीसमोर 'पासून–पर्यंत' तारखा छापलेल्या असतात, त्या वाचा.

आता खरी भानगड. फॅमिली प्लॅनमध्ये मुख्य नंबर पोर्ट झाला म्हणून जोडलेला नंबर बंद होईलच असं नाही. तो खात्यावर जिवंत राहतो आणि कंपनीची यंत्रणा त्याला एकट्याच्या प्लॅनवर टाकते. तेच ₹३९९. दुकानदाराचं 'आपोआप' इथंच फसलं. यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, काढताना १९०० वर ज्या नंबरचा एसएमएस जातो, तेवढाच नंबर पोर्ट होतो. दुसऱ्यासाठी वेगळं पोर्टिंग नाही तर वेगळा बंद करण्याचा अर्ज लागतो.

म्हणून तक्रारीत 'सिम वापरलं नाही' हा मुद्दा पहिला ठेवू नका. पोस्टपेडचं भाडं वापर असो नसो लागतेच, कंपनी तेच उत्तर देईल. मुद्दा हा ठेवा: ग्राहकानं घेतलेला प्लॅन ₹६९९ चा होता, ₹३९९ चा प्लॅन कोणाच्या संमतीनं लावला? ती संमती दाखवा: एसएमएस, ॲपवरची नोंद, कॉलचं रेकॉर्डिंग, जे असेल ते. वापर शून्य आहे हे त्याच्या मागून पुरावा म्हणून जोडा. त्यासाठी तपशीलवार बिल मागा.

टॉवरखाली

वरच्या फोडीला पूर्ण सहमती. तक्रार नोंदवायचं सांगतो.

आईचं सिम फेकलं नसेल तर ते कोणत्याही साध्या फोनमध्ये टाका. १९८ हा ज्या कंपनीचं सिम त्याच कंपनीच्या तक्रार केंद्राला जातो, म्हणून वडिलांच्या फोनवरून नवीन कंपनी उचलते. थकबाकीमुळे आउटगोइंग बंद केलं असलं तरी १९८ बहुधा लागतो. नाहीच लागला तर बिलाच्या मागच्या पानावर दुसऱ्या नेटवर्कवरून लावायचा १८०० वाला किंवा दहा आकडी नंबर असतो. तिथं मोबाईल नंबरऐवजी बिलावरचा खाते क्रमांक सांगा. मोबाईल नंबर सांगितला की 'हा आमच्याकडे नाही' म्हणून फोन ठेवतात.

दोन वेगवेगळ्या नोंदी करायला सांगा. पहिली विनंती: जोडलेला नंबर कायमचा बंद करा. दुसरी तक्रार: बिल चुकीचं आहे. एकाच नोंदीत दोन्ही घातलं की नंबर बंद झाल्याबरोबर 'निवारण झालं' म्हणून सगळंच मिटवून टाकतात. बिलाच्या तक्रारीचा डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, एसएमएसनं आलाच पाहिजे, दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत ते आहे. तो एसएमएस आईच्या सिमवर येईल, म्हणून सिम दोन दिवस तरी फोनमध्येच ठेवा. 'आम्ही बघून घेतो' असं कोणी म्हटलं आणि डॉकेट दिला नाही, तर तक्रार झालीच नाही असं समजा. 'तात्पुरतं बंद' किंवा 'सेफ कस्टडी' असं काही सुचवलं तर नाही म्हणा. तो वेगळा प्रकार आहे, त्यात कनेक्शन जिवंत राहतं आणि आकारही लागू शकतो.

त्याच दिवशी लेखी पाठवा. ईमेल असला तर ईमेल, नाहीतर पोस्टानं. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, तेव्हा घाटंजी पोस्टातून स्पीड पोस्टच करा आणि पावती जपा. मजकूर असा चालेल:

"खाते क्रमांक ____, खातेदार ____. मुख्य क्रमांक ____ दि. २० जून रोजी दुसऱ्या सेवादात्याकडे पोर्ट झाला आहे. जोडलेला क्रमांक ____ तात्काळ कायमचा बंद करावा. दि. ११ सप्टेंबरच्या बिलातील ११ ते २० जूनचे ₹२७४.९४ मान्य आहेत. जोडलेल्या क्रमांकावर लावलेला ₹३९९ चा प्लॅन खातेदाराने मागितलेला नाही. त्या प्लॅनसाठी घेतलेल्या संमतीची प्रत द्यावी. तशी संमती नसल्यास त्यापोटीचे ₹१,२५५.५२ व त्यावर लागलेला उशिराचा आकार ₹२३६ रद्द करावा. सुरक्षा ठेव ₹५०० ची परतफेड करावी. बिले खातेदाराच्या नसलेल्या ईमेलवर पाठवली गेल्याने मुदतीत मिळाली नाहीत. तो ईमेल काढून ____ हा नोंदवावा. डॉकेट क्रमांक: ____."

सोबत बिल, पोर्टिंग पूर्ण झाल्याचा एसएमएस आणि १० जूनपर्यंतच्या बिलाची पावती जोडा. आधार कार्डाची प्रत पाठवायचीच वेळ आली तर फक्त मास्क केलेली (शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेली) पाठवा आणि वर आडवं लिहा, 'फक्त बिल तक्रारीसाठी'.

अजून एक काम दहा मिनिटांचं आहे. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावरची मोबाईल कनेक्शन बघायची सोय आहे. वडिलांच्या चालू नंबरवर ओटीपी येतो, आणि त्यांच्या नावावरचे नंबर दिसतात. आईचा नंबर तिथं दिसला तर 'गरज नाही' निवडा आणि मिळालेल्या संदर्भ क्रमांकाचा फोटो काढा. ही कंपनीकडच्या तक्रारीची जागा घेत नाही. पण नंबर बंद करायची मागणी कोणत्या तारखेला केली, याचा सरकारी नोंदीतला पुरावा फुकटात मिळतो.

कपाशी_वेचणी

एवढा खटाटोप कशाला? दीड-पावणेदोन हजाराची गोष्ट आहे. भरून टाका, सिम तोडा, मोकळे व्हा. तक्रार करत बसलं तर कापूस कोण वेचणार?

वऱ्हाडी_मीटर

@कपाशी_वेचणी भरून मोकळं होता येत नाही, हीच तर अडचण आहे. आईचा नंबर चालू आहे तोवर दर ११ तारखेला आणखी ₹४७०.८२ चढतील. आधी नंबर बंद, मग पैशाचं बोलणं, हा क्रम उलटा केला तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथंच.

पण थोडी रक्कम आत्ताच भरावी असं माझंही मत आहे: ते ₹२७४.९४. कारण पोर्ट झालेल्या नंबरची थकबाकी राहिली तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते, आणि नवी कंपनी नोटीस देऊन नंबर बंद करू शकते. वडिलांचा नंबर बँकेला, आधारला, पीएम किसानला जोडलेला असणार. तो गेला तर ओटीपीसाठी दारोदार. वाद नसलेला भाग भरून पावती ठेवली म्हणजे वडिलांच्या नंबरची बाजू स्वच्छ राहते.

टॉवरखाली

इथं माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. ठेव ₹५०० त्यांच्याकडे पडली आहे. ₹२७४.९४ त्यातून वळते केले तर उलट कंपनीच ₹२२५.०६ देणं लागते. पुन्हा खिशातून कशाला भरायचे?

वऱ्हाडी_मीटर

हिशोब बरोबर आहे, पण ठेव वळती करणं कंपनीच्या हातात आहे आणि ती खातं पूर्ण बंद झाल्यावरच करतात. तोवर त्यांच्या यंत्रणेत वडिलांच्या नावापुढे थकबाकी दिसतच राहते. म्हणून भरा, आणि ठेव पूर्ण ₹५०० परत मागा. भरायचं ते कंपनीच्या संकेतस्थळावर खाते क्रमांक टाकून. वसुलीवाल्यानं पाठवलेल्या क्यूआर कोडवर एक रुपयाही नाही. आणि त्याच दिवशी ईमेल करा की ही रक्कम फक्त ११ ते २० जूनच्या मुख्य प्लॅनची आहे, बाकी अमान्य. असं लिहिलं नाही तर भरलेले पैसे ते आधी उशिराच्या आकारात जमा करतील आणि मूळ तसंच ठेवतील.

पांदणरस्ता

आभार. आज वसुलीवाल्यानं व्हॉट्सॲपवर 'कायदेशीर नोटीस' पाठवली. वकिलाचं नाव, कोर्टाचा शिक्का, ४८ तासांत अटक, आणि सिबिल खराब होईल म्हणते. वडील गंज घाबरले, पीककर्जाचं नूतनीकरण तोंडावर आहे.

तालुका_कोर्टापुढं

अटकेची बात सोडून द्या. मोबाईलचं बिल थकणं हा दिवाणी व्यवहार आहे, त्यासाठी पोलीस येत नाहीत. ४८ तास, शिक्का, 'वॉरंट निघालं' असल्या नोटिसा भीती घालायला असतात. आणि नुसता भामटाही असू शकतो, कारण थकबाकीदारांचे नंबर बाहेर फिरतात. त्याच्याकडून खाते क्रमांक आणि बिलाची तारीख विचारा. चुकीची सांगितली तर संचार साथीवर 'चक्षु'मध्ये तक्रार टाका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

खरी नोटीस कशी असते ते सांगतो, कारण तीही येऊ शकते. कंपन्या अशी बिलं राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून टाकतात. ती नोटीस तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या नावानं येते, तीत लोकअदालतीची तारीख आणि न्यायालयाची जागा असते. दाखलपूर्व लोकअदालतीत दोघांची संमती असेल तरच निवाडा होतो. तुम्ही गेलात आणि पटलं नाही, किंवा गेलाच नाहीत, तरी तुमच्याविरुद्ध हुकूम होत नाही. कंपनीला मग रीतसर दावाच लावावा लागतो. पण जाऊन आकडा मान्य करून सही केली, तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. तिथं 'अर्ध्यात मिटवू' म्हणून ₹८८० वर सही घेतात, आणि माणूस घरी येऊन हिशोब करतो तेव्हा कळते की देणं फक्त ₹२७४.९४ होतं. जायचं असेल तर डॉकेट आणि ईमेलच्या प्रती घेऊन जा. फुकट कायदेशीर मदतीसाठी १५१०० लावा.

स्थायी लोकअदालत ही गोष्ट वेगळी. टेलिफोन सेवा सार्वजनिक उपयोगी सेवेत येते, म्हणून तिथं तडजोड झाली नाही तर गुणदोषांवर निर्णयही देतात. तिची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका.

सिबिलचं म्हणाल तर, टेलिकॉम खाती त्या अहवालात येऊ शकतात हे खरं. म्हणून अंदाज नको, अहवालच काढा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात हे खातं दिसलं तर सिबिलच्याच संकेतस्थळावर आक्षेप नोंदवा आणि डॉकेटची प्रत जोडा. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला ₹१०० भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नसलं दिसलं तर वडिलांना तो कागद दाखवा, झोप लागेल.

टॉवरखाली

आणि कंपनीनं तक्रार फेटाळली तर पुढं काय, तेही आत्ताच लिहून ठेवतो. बिलाच्या तक्रारीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. फी नाही. ईमेलनं चालते. डॉकेट क्रमांक मात्र लागतोच, म्हणून वर त्याचा एवढा घोषा लावला. अपील ३९ दिवसांत निकाली काढायचं असते. आपलं दूरसंचार परिमंडळ (सर्कल) 'महाराष्ट्र', मुंबईचं वेगळं आहे. पत्ता काढताना लक्ष द्या, मुंबईच्या पत्त्यावर गेलेलं अपील इकडून तिकडं फिरत राहते.

ट्रायकडे थेट लिहून उपयोग नाही, एकेका ग्राहकाची तक्रार ते सोडवत नाहीत, कंपनीकडेच पाठवतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ मात्र लावा, मराठीत बोलतात. तिच्या नोंदीवर कंपनीतला वेगळा विभाग उत्तर देतो आणि लहान रकमा बऱ्याचदा तिथंच सुटतात.

त्याच्याही पुढं यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल होते. 'टेलिकॉमचा वाद ग्राहक आयोगात चालत नाही' असं कंपनीचा माणूस म्हणाला तर सांगा, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्येच चालतो म्हणून निकाल दिला आहे.

झाडीपट्टी_३०

मधेच विचारतो. आमच्याकडं बिल नाही, पण बँकेतून पैसे आपोआप कटून राहिले. नंबर बंद होऊन दोन महिने झाले.

वऱ्हाडी_मीटर

कंपनीला सांगून ऑटोपे थांबेल असं धरू नका, परवानगी तुमच्या बाजूनं काढा. यूपीआयवर असेल तर त्याच ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत रद्द करा. कार्डावर असेल तर बँकेच्या ई-मँडेट पानावर. थेट बँक खात्यावर एनएसीएच (NACH, खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) असेल तर शाखेत अर्ज. पैसे कापायच्या २४ तास आधी कार्ड आणि यूपीआयवर सूचना येते, त्यातूनही थांबवता येते. कापलेल्या पैशासाठी मात्र वरचाच रस्ता, डॉकेट आणि अपील. आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्याला मिळू शकतो, तो बँकेत जोडलेला असेल तर आधी बदला.

पांदणरस्ता

आईच्या सिमवरून १९८ लागला. बिलाचा डॉकेट आला. पण नंबर बंद करायला तो म्हणते, आधी पूर्ण ₹१,७६६.४६ भरा, मगच विनंती घेता येते.

टॉवरखाली

ते फोनवरचं वाक्य आहे, लेखी देणार नाहीत. पुन्हा लावा आणि म्हणा, विनंती घेता येत नसेल तर 'विनंती नाकारली' अशी तक्रार नोंदवा आणि तिचा वेगळा डॉकेट द्या. बहुतेक वेळा त्यावर विनंतीच नोंदवून घेतात. नाहीच घेतली तर वरचं पत्र आजच्या तारखेनं स्पीड पोस्ट करा, आणि त्यात एक ओळ वाढवा: 'दि. ____ रोजी १९८ वर नंबर बंद करण्याची विनंती केली, ती थकबाकीचे कारण देऊन नाकारण्यात आली. त्या तारखेनंतरचे कोणतेही भाडे अमान्य.' आईचा नंबर आता पोर्ट करायच्या भानगडीत पडू नका, थकबाकी दिसत असताना यूपीसी मिळत नाही. पुढचं बिल निघालं की त्यातली ११ सप्टेंबर ते विनंतीच्या तारखेपर्यंतची आणि त्यानंतरची रक्कम वेगळी काढा, अपिलात दोन्ही आकडे लागतील.